दोन सेंटिमीटरचा हिशेब

सायकलचं हेल्मेट दुकानात पहिल्यांदा हातात घेतलं की बहुतेकांचा हिरमोड होतो. वजन जेमतेम पाव किलो, फार तर साडेतीनशे ग्रॅम. उलटं करून पाहावं तर आत थर्माकोल, त्याला जागोजागी आरपार भोकं आणि वरून अंगठ्याने दाबलं तर दबेल असा प्लास्टिकचा पातळ पापुद्रा. त्यात किंमत ऐकली की प्रश्न हमखास येतो, ‘एवढ्याशा थर्माकोलने काय डोकं वाचणार?’

प्रश्न रास्त आहे. स्कूटरचं हेल्मेट निदान दणकट तरी दिसतं, हे तर खेळण्यासारखं. त्याचं उत्तर हेल्मेटकडे नुसतं बघून मिळत नाही. त्यासाठी आधी माणूस सायकलवरून पडतो म्हणजे नेमकं काय होतं, ते बघावं लागतं.

अर्धा सेकंद

मोठा माणूस सायकलवर बसला की त्याचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. दीड मीटरवरून कोणतीही वस्तू खाली यायला अर्ध्या सेकंदाहून जरासाच जास्त वेळ लागतो आणि जमिनीला टेकताना तिचा वेग ताशी १९ ते २० किलोमीटर झालेला असतो. हा वेग सायकलचा नाही, नुसत्या पडण्याचा आहे. सिग्नलला थांबताना पेडलमध्ये अडकणारा क्लीटचा बूट सुटला नाही आणि जागच्या जागी आडवे झालात, तरी डोकं साधारण याच वेगाने डांबरावर येतं. त्यामुळे ‘मी आपली हळूच चालवतो’ हे वाक्य गुडघ्यांच्या कामाचं आहे, डोक्याच्या नाही.

सायकल वेगात असेल तर काय? पुढे जाण्याचा वेग बराचसा घासटण्यात खर्च होतो. कोपर, मांडी, खांदा सोलवटून निघतात. डोक्यावर सरळ आदळतो तो मुख्यतः खाली येण्याचा वेग. मात्र वाटेत दुभाजक, विजेचा खांब किंवा उभ्या मोटारीचं अचानक उघडलेलं दार असं काही उभं आलं, तर पुढचा वेगही पुरेपूर वसूल होतो.

‘पडताना हात टेकवता येतात की,’ असंही वाटतं. कधी कधी येतातही, आणि मग मनगट मोडतं. पण चाक खड्ड्यात गेलं हे मेंदूला कळून हात हलायलाच पाव सेकंद जातो, म्हणजे होता तो अर्धा वेळ संपला. शिवाय हँडल घट्ट धरून ठेवणं हीच त्या क्षणाची पहिली प्रतिक्रिया असते. पहिल्या पावसात डांबरावर तेलाचा तवंग येतो तेव्हा, किंवा वळणावर पसरलेल्या बारीक खडीवर चाक सटकतं तेव्हा, माणूस कसा पडला हे त्याला स्वतःलाच सांगता येत नाही.

थांबायला जागा

आता मुख्य हिशेब. ताशी वीस किलोमीटर हा वेग काही जीवघेणा नाही. त्याहून कितीतरी वेगाने आपण रोज प्रवास करतो आणि धडधाकट घरी येतो. घात होतो तो हा वेग किती अंतरात शून्यावर येतो त्यामुळे.

उघडं डोकं डांबरावर आदळलं तर त्याला थांबायला जागा मिळते ती टाळूची कातडी दबेल तेवढीच, समजा चार मिलिमीटर. दीड मीटर पडण्यात कमावलेला वेग चार मिलिमीटरमध्ये घालवायचा. भागाकार सोपा आहे : १५०० भागिले ४, म्हणजे ३७५. डोक्यावर येणारा झटका सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या ३७५ पट. डोक्याचं वजन पाच किलो धरलं तर त्या क्षणी त्यावर जवळजवळ १,९०० किलोंचा भार आला, आणि तोही रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर. कवटी तडकायला एवढं पुरे.

आता मध्ये थर्माकोल आणा. हेल्मेटचा थर साधारण अडीच-तीन सेंटिमीटर जाड असतो आणि त्यातला दोन सेंटिमीटर दबला असं धरू. १५०० भागिले २०, म्हणजे ७५. झटका पाचपट कमी झाला. थांबायला दीड मिलिसेकंद मिळत होता, तिथे सात मिलिसेकंद मिळाले. प्रत्यक्षात झटका असा सगळा वेळ एकसारखा नसतो, मध्येच चढतो आणि उतरतो. त्यामुळे प्रयोगशाळेत मोजलेला सर्वांत मोठा आकडा या सरासरीच्या बराच वर असतो. पण गणिताचा गाभा हाच. हेल्मेट डोक्याला देतं ते दोन सेंटिमीटर अंतर आणि काही हजारांश सेकंद. त्याच्या रचनेतली बाकी प्रत्येक गोष्ट हे अंतर ऐन वेळी जागेवर मिळावं यासाठी आहे.

कोकणात हा प्रयोग रोज पाहायला मिळतो. असोला नारळ माडावरून चाळीस-पन्नास फूट खाली धप्पकन पडतो आणि तसाच राहतो. तोच नारळ सोलून देवळापुढच्या दगडावर नुसत्या हाताने आपटला की दोन शकलं होतात. करवंटी दोन्ही वेळा तीच असते. फरक असतो मधल्या सोडणाचा.

थर्माकोलच का?

हेल्मेटमधला थर्माकोल टीव्हीच्या खोक्यात येतो त्याच जातीचा, पण कितीतरी घट्ट. पॉलिस्टायरिनचे बारीक मणी वाफेवर फुगवून साच्यात एकजीव केलेले असतात. प्रत्येक मण्यात हवेचे असंख्य बंद कप्पे. आघात झाला की या कप्प्यांच्या भिंती एकामागून एक कोलमडतात, आणि ती मोडतोड करण्यात डोक्याचा वेग खर्ची पडतो.

मग मऊ स्पंज का नको? डोक्याला तो बरा वाटेल. पण स्पंज फारसा विरोध न करता दबत जातो, तळाला टेकतो आणि तिथे डोकं थेट रस्त्यावर आदळल्यासारखंच होतं. शिवाय दबलेला स्पंज परत उसळतो आणि घेतलेला धक्का उलट्या दिशेने परत देतो. थर्माकोल दबला की दबला. तो उसळत नाही, हाच त्याचा गुण. हेल्मेटच्या आत चिकटवलेल्या स्पंजच्या गाद्या असतात खऱ्या, पण त्या घाम टिपायला आणि टोचू नये म्हणून. वाचवण्याच्या कामात त्यांचा वाटा जवळपास नाही.

वरच्या प्लास्टिकच्या पापुद्र्याची कामं तीन. फुटपाथची कड किंवा टोकदार खडी लागली तर तो भार जास्त जागेवर पसरवतो. थर्माकोल तडकला तरी त्याचे तुकडे उडू देत नाही. आणि रस्त्यावरून सरकतो. हे तिसरं काम फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात हलकेपणासाठी नुसत्या थर्माकोलवर कापड चढवलेली हेल्मेटं निघाली होती. ती खरखरीत डांबराला धरून बसायची, म्हणजे धड पुढे घसरतंय आणि डोकं मागे अडकलंय अशी अवस्था. गुळगुळीत पापुद्रा परत आला तो त्यामुळे.

मेंदूला बसणारा पीळ

इथवर आपण सरळ धक्क्याचा विचार केला. पण माणूस ओळंब्यासारखा सरळ खाली क्वचितच पडतो. डोकं तिरकं लागतं, आणि तिरकं लागलं की झटक्यात फिरतं. कवटी फिरते, पण आत द्रवात असलेला मऊ मेंदू मागे राहतो. ऑक्सफर्डमधले भौतिकशास्त्रज्ञ ए. एच. एस. होलबोर्न यांनी १९४३ साली कवटीच्या आकाराच्या साच्यात जिलेटिन भरून हेच दाखवलं होतं. मेंदूचा पदार्थ दाबाला चांगला टिकतो, पण एक थर दुसऱ्यावरून सरकवणारा पीळ त्याला सोसत नाही. बाहेर साधं टेंगूळही नसताना माणूस बेशुद्ध होतो किंवा पुढे कित्येक आठवडे त्याचं लक्ष लागत नाही, ते बहुतेकदा या पिळामुळे.

स्वीडनमधले मेंदूशल्यविशारद हान्स फॉन होल्स्ट आणि स्टॉकहोमच्या केटीएच या तंत्रविद्यापीठातले पीटर हाल्डिन यांनी यावर जो तोडगा काढला, तो ‘मिप्स’ या नावाने आता अनेक हेल्मेटांत दिसतो. थर्माकोल आणि डोकं यांच्यामध्ये एक पातळ सुटं अस्तर असतं. तिरका आघात झाला की ते दहा-पंधरा मिलिमीटर सरकतं. बाहेरचं हेल्मेट फिरतं, डोकं तेवढं फिरत नाही. इतर कंपन्यांनी याच कामासाठी वेगळ्या युक्त्या काढल्या आहेत. परवडत असेल तर अशी सोय असलेलं जरूर घ्यावं. पण ती नाही म्हणून हेल्मेटच नको, असा अर्थ कुणी काढू नये.

शर्यतीतले लोक कसे वळले

सायकलच्या शर्यतीत फार वर्षं चामड्याच्या वळकट्या जोडलेली जाळीदार टोपी चालायची. तिने खरचटण्यापलीकडे काही वाचत नसे. थर्माकोलचा थर असलेलं, खास सायकलसाठी बनवलेलं पहिलं नावाजलेलं हेल्मेट अमेरिकेतल्या बेल कंपनीने १९७५ साली बाजारात आणलं. व्यावसायिक शर्यतपटू मात्र ढिम्म हलले नाहीत. १९९१ साली सक्ती करून पाहिली, तेव्हा पॅरिस-नीस शर्यतीत खेळाडूंनी चक्क संप केला आणि सक्ती बारगळली. १९९५ च्या टूर द फ्रान्समध्ये ऑलिंपिक विजेता फाबियो कासार्तेल्ली पिरेनीजच्या एका उतारावर पडला आणि डोक्याला मार लागून गेला. तरीही नियम बदलला नाही. मार्च २००३ मध्ये पुन्हा त्याच पॅरिस-नीसमध्ये कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव्ह पडला. त्याच्याही डोक्यावर हेल्मेट नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी तो वारला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत सक्ती आली. सुरुवातीला शेवटच्या लांब चढावर हेल्मेट काढायची मुभा होती, पुढे तीही गेली.

आपल्याकडे सायकलवाल्याला हेल्मेटची कायदेशीर सक्ती नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ मोटारसायकल-स्कूटरपुरतं आहे. पण पुणे, मुंबई, नाशिक, नागपूरकडे दोनशे ते सहाशे किलोमीटरच्या ‘ब्रेव्हे’, म्हणजे लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, होतात, तिथे हेल्मेटशिवाय सुरुवात करू देत नाहीत.

आतलं लेबल वाचा

हेल्मेट घेताना रंगाआधी आतलं लेबल बघावं. सायकलच्या हेल्मेटवर दोनपैकी एक खूण सहसा सापडते. ‘ईएन १०७८’ ही युरोपची. या चाचणीत धातूच्या नकली डोक्यावर हेल्मेट चढवून ते सपाट पोलादी ऐरणीवर सेकंदाला ५.४२ मीटर वेगाने, म्हणजे आपल्या त्याच दीड मीटरवरून, आपटतात. फुटपाथच्या कडेसारख्या धारेवरही आपटतात, पण जरा कमी वेगाने. झटका २५० ‘जी’च्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या २५० पटींच्या, वर गेला की हेल्मेट नापास. अमेरिकेची ‘सीपीएससी’ ही खूण १९९९ पासून तिकडे बंधनकारक आहे. तिच्यात सपाट ऐरणीसाठी उंची दोन मीटर आणि मर्यादा ३०० ‘जी’. चाचणीआधी काही नमुने ५० अंशांवर तापवतात, काही शून्याखाली गोठवतात, काहींवर अतिनील किरण आणि पाण्याचा फवारा मारतात. पट्टाही झटक्याने ओढून पाहतात, की हेल्मेट डोक्यावरून उलथतं का.

हजार-दीड हजारांतही अशी खूण असलेलं हेल्मेट मिळतं. त्यापुढे मोजता ते पैसे मुख्यतः कमी वजनाचे, जास्त हवेचे आणि मिप्ससारख्या सोयींचे.

आणखी एक गफलत आपल्याकडे सर्रास दिसते, ती म्हणजे सायकलचं हेल्मेट घालून स्कूटर चालवणं. स्कूटरसाठी आयएसआय खुणेचं, ‘आयएस ४१५१’ या मानकाचं हेल्मेट लागतं. तिथले वेग वेगळे. उलट, स्कूटरचं किलो-सव्वा किलोचं बंद हेल्मेट घालून सायकलने चढ चढायला लागलं की माणूस दहा मिनिटांत ते काढून हँडलला अडकवतो.

बसवायचं कसं?

चांगलं हेल्मेट चुकीचं बसवलं तर ते दोन सेंटिमीटर भलत्याच जागी जातात. म्हणून इथे सावकाश जाऊ.

शिंप्याची टेप भुवयांच्या बोटभर वर, मागे डोक्याच्या फुगवट्यावरून फिरवून घेर मोजा. ५६ आला तर ५४ ते ५८ मापाचं हेल्मेट घ्या. ते डोक्यावर आडवं, सपाट ठेवा. पुढची कड आणि भुवया यांच्यात दोन बोटांपेक्षा जास्त जागा नको. आपल्याकडे सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच : हेल्मेट टोपीसारखं मागे सरकवलेलं आणि अख्खं कपाळ उघडं. हँडलवरून पुढे फेकले गेलात तर आधी कपाळच आपटणार.

मग मागची चकती फिरवून आवळा. पट्टा न लावता मान खाली घालून हळूच हलवा. हेल्मेटबरोबर कपाळाची कातडी हलली पाहिजे, हेल्मेट एकटं हलता कामा नये. आता बाजूचे पट्टे. पुढचा आणि मागचा पट्टा कानाच्या पाळीच्या जरा खाली एकत्र यायला हवेत, कान दोघांच्या मध्ये मोकळा. मधली सरकपट्टी त्या जागी आणून पक्की करा. शेवटी हनुवटीखालचं बक्कल. पट्ट्याखाली एक बोट जावं, दोन नकोत. खात्री करायला मोठी जांभई द्या. तोंड उघडताच हेल्मेट टाळूवर खाली ओढलं गेलं पाहिजे. नाही ओढलं, तर पट्टा सैल आहे. वाहनाचा धक्का लागतो तेव्हा अनेकदा दोन आघात होतात, एक वाहनावर आणि दुसरा रस्त्यावर. सैल हेल्मेट पहिल्यालाच उडून जातं, आणि दुसरा आघात उघड्या डोक्यावर.

अंबाडा किंवा उंच बांधलेली पोनी असेल तर हेल्मेट पुढे ढकललं जातं. केस मानेजवळ खाली बांधावेत. उन्हासाठी गुंडाळलेला जाड स्कार्फ किंवा पावसात आत कोंबलेली रेनकोटची टोपी, दोन्हींमुळे हेल्मेट डोक्यावर तरंगत राहतं. स्कार्फ तोंडाला आणि मानेला बांधावा, डोक्यावर फार तर पातळ सुती टोपी. पावसासाठी हेल्मेटवरून घालायचं आवरण मिळतं.

मुलांना आपण कपडे घेतो ते वाढत्या अंगाचे. हेल्मेट तसं कधीही घेऊ नये. ते आजच्या डोक्याला बसलं पाहिजे, पुढच्या वर्षीच्या नाही. आणि बागेत सायकल लावून पोरं घसरगुंडीकडे पळाली की आधी हेल्मेट उतरवायला लावा. लोखंडी गजांत ते अडकलं तर पट्ट्याने गळ्याला फास बसू शकतो.

एकदा लागलं की संपलं

थर्माकोल दबला तो परत फुलत नाही, हे वर आलंच. त्यामुळे एकदा जोरात आपटलेल्या हेल्मेटमध्ये त्या जागी ते दोन सेंटिमीटर उरलेले नसतात. वरून नुसता ओरखडा दिसेल, आत भेग असेल. गाद्या काढून, उजेडात धरून बघा. पण भेग दिसली नाही तरी डोक्यासकट आपटलेलं हेल्मेट बाद समजा. ते शेजारच्या मुलाला ‘वापर हो’ म्हणून देऊ नका, आणि दुसऱ्याचं वापरलेलं घेऊही नका. त्याचा इतिहास तुम्हाला माहीत नसतो.

घाम लागलेलं हेल्मेट साध्या साबणाच्या पाण्याने पुसावं. पेट्रोल, थिनर यांनी थर्माकोल विरघळतो, म्हणून त्यावर ऑइलपेंटने नाव रंगवायचा मोह टाळावा. मे महिन्यात बंद मोटारीत काचेखाली ठेवलेलं हेल्मेटही बिघडतं. न पडताही, रोजचा वापर असेल तर पाचेक वर्षांनी बदलावं, असं बहुतेक उत्पादक सांगतात.

काय जमत नाही

हेल्मेटच्या मर्यादाही मांडायला हव्यात. जबडा, दात, मान यांची ते फारशी राखण करत नाही. ट्रकच्या चाकापुढे त्याचं काही चालत नाही. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. घाटाच्या उतारावर ताशी पन्नासने जाऊन कठड्यावर थेट आदळलात तर दोन सेंटिमीटर केव्हाच संपतात. म्हणून उतारावरचा वेग आणि ब्रेकचे रबर यांचा विचार हेल्मेटच्या आधी करायचा.

तरीही एकूण पारडं कुठे झुकतं, ते पाहता येतं. ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी २०१६ साली चाळीस अभ्यासांतल्या ६४ हजारांहून अधिक जखमी सायकलस्वारांची आकडेवारी एकत्र तपासली. हेल्मेट घातलेल्यांत डोक्याला इजा होण्याची शक्यता निम्म्याने कमी आढळली, गंभीर इजेची ६९ टक्क्यांनी आणि डोक्याच्या जीवघेण्या इजेची ६५ टक्क्यांनी. शून्यावर कुठलाच आकडा गेलेला नाही, हेही लक्षात ठेवावं.

नेदरलँड्समध्ये तर जवळजवळ कुणी हेल्मेट घालत नाही, असा दाखला हमखास दिला जातो. खरं आहे. पण तिथे सायकलला स्वतःचा वेगळा रस्ता आहे आणि मोटारवाल्याला तिची सवय आहे. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याने १९९० मध्ये सक्ती केली, आणि त्यामुळे लोकांनी सायकलच सोडली का, यावर अजून वाद चालू आहे. सक्ती असावी की नसावी, हा धोरणाचा प्रश्न झाला. आपला सायकल ट्रॅक चार पावलांवर रिक्षा थांब्यात, पुढे पाणीपुरीच्या गाडीत आणि शेवटी उघड्या चेंबरवर संपतो. तिथे स्वतःच्या डोक्यापुरता निर्णय धोरण ठरेपर्यंत लांबणीवर टाकता येत नाही.

पडल्यावर हेल्मेट होतं म्हणून निर्धास्तही राहू नये. उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झोपाळूपणा, बोलण्यात गोंधळ, कानानाकातून पाणी किंवा रक्त येणं, पडण्याच्या आसपासचं काही न आठवणं, यातलं एक जरी दिसलं तरी तडक रुग्णालय गाठावं. रक्तस्राव काही वेळा तासाभराने, तर काही वेळा दुसऱ्या दिवशी जाणवतो. म्हणून पहिला दिवसभर कुणीतरी सोबत असावं.

राहता राहिली सगळ्यात लाडकी सबब : ‘दूध आणायला तर जायचंय, कोपऱ्यापर्यंत.’ लांबच्या राइडला जाताना माणूस दिवे, पंप, पाण्याची बाटली आणि हेल्मेट सगळं जमवतो, आणि कोपऱ्यापर्यंत जाताना चप्पल घालून तसाच निघतो. पण वर केलेल्या हिशेबात किलोमीटर कुठेच नव्हते. होती ती डोक्याची जमिनीपासूनची उंची, आणि ती सिंहगडाच्या पायथ्याशी जेवढी असते तेवढीच डेअरीच्या वाटेवरही असते.